मुलांचे चित्रपुस्तक : कोऱ्या डमीपासून छापील प्रतीपर्यंत

मुलांसाठी चित्रपुस्तक करायचे ठरले की बहुतेक जण आधी गोष्ट पूर्ण लिहितात, मग चित्रकार शोधतात आणि पानांचा विचार छापखान्यात गेल्यावर करतात. हा क्रम बदलावा, असे माझे ठाम मत आहे. चित्रपुस्तकात पान उलटणे हा कथनाचाच भाग असतो. म्हणून पहिला कच्चा खर्डा हाती येताच आठ कोरे कागद एकत्र घेऊन मधोमध दुमडावेत, घडीवर टाचणी मारावी आणि तयार झालेली ३२ पानांची डमी समोर ठेवूनच पुढचे लेखन करावे. ऑफसेट छपाईत, म्हणजे प्लेट बनवून यंत्रावर केलेल्या छपाईत, मोठ्या कागदावर अनेक पाने एकत्र छापून त्याची घडी घालतात आणि १६ पानांचा एक फॉर्म होतो, त्यामुळे १६ किंवा ३२ पानांच्या पुस्तकात कागद वाया जात नाही. ३२ पानांतून शीर्षकपान, मुद्रणविषयक माहितीचे पान आणि अर्पणपत्रिका वगळली, तर गोष्टीसाठी चौदा जोडपाने (समोरासमोर उघडणारी दोन-दोन पाने) आणि शेवटचे एक सुटे पान उरते.

समजा, पावसाची वाट पाहणाऱ्या एका वाडीची गोष्ट आहे. उजव्या पानाच्या शेवटी ‘पत्र्यावर आवाज आला, टप’ एवढेच असावे आणि ‘टपटप, रिपरिप, धो धो’ हे पान उलटल्यावर यावे. दोन्ही एकाच जोडपानावर आले, तर चित्रातला पाऊस मुलाला आधीच दिसतो आणि तो आवाज ऐकण्याची त्याची उत्सुकता संपते. डमीवर पेन्सिलीने मजकूर उतरवू लागले की कोणते वाक्य कोणत्या पानावर हवे आणि कोणते मुळीच नको, हे आपोआप लक्षात येते.

चित्र जे सांगते ते शब्दांनी पुन्हा सांगू नये. आजीने निळे लुगडे नेसले आहे, हे चित्रात दिसतेच. त्या लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास येतो, हे मात्र लिहायला हवे, कारण वास चित्रात काढता येत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तीनशे ते पाचशे शब्द पुरेसे होतात. पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवायचे आहे की मुलाने स्वतः वाचायचे आहे, हेही आधी ठरवावे. पहिल्या प्रकारात जोडाक्षरे आणि अनोळखी शब्द निर्धास्तपणे यावेत, कारण मूल ते कानाने शिकते. दुसऱ्या प्रकारात ती बेताने यावीत. गोष्ट पारखण्यासाठी ती बालवाडीतल्या मुलांसमोर दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावी आणि आपण मागे बसून मुलांची नजर कुठे भरकटते, ते डमीवर टिपावे. लेखक स्वतः वाचू लागला की गोष्टीतल्या उणिवा तो आवाजाने झाकून टाकतो.

मराठी अक्षरांची मांडणी हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि त्याबाबत हयगय होऊ नये, असे मला फार वाटते. शाळेत मूल पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ गिरवते, परंतु अनेक युनिकोड फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली नाही, तर हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’, रफार, अनुस्वार आणि वेलांटी एकत्र आलेली अक्षरे छापून तपासावीत. पानांच्या मांडणीसाठी इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असल्यास त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय सुरू असल्याशिवाय जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. नव्याने वाचणाऱ्यांसाठी १८ ते २० पॉइंटांचा टाइप ठेवावा, मात्रा आणि उकार एकमेकांना भिडणार नाहीत इतके ओळींतले अंतर सोडावे आणि ओळीच्या शेवटी शब्द कधीही तोडू नये. मजकुरासाठी मोकळी जागा चित्रकाराने पहिल्या रेखाटनातच राखावी. गडद चित्रावर मागाहून बसवलेली अक्षरे वाचता येत नाहीत.

चित्रे छपाईच्या आकारात ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा असावीत, म्हणजे कटाईत कडेला पांढरी रेघ राहत नाही. जोडपानाच्या मधल्या घडीवर चेहरा येऊ देऊ नये. काही शे प्रतींसाठी डिजिटल छपाई सोयीची असते, तर हजारच्या पुढे ऑफसेट परवडू लागते. संपूर्ण छपाईला हिरवा कंदील देण्यापूर्वी निवडलेल्या कागदावरच रंगीत प्रूफ (तपासणीची नमुना छपाई) मागावे, कारण पडद्यावरचा रंग मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर बराच फिका पडतो.

चित्रकाराशी करार लेखी करावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. मूळ चित्रे कोणाकडे राहतील, पुढच्या आवृत्तीचे मानधन किती आणि मुखपृष्ठावर चित्रकाराचे नाव असेल की नाही, हेही त्यातच लिहावे. चित्रपुस्तकात ते नाव मुखपृष्ठावर असलेच पाहिजे.

प्रस्थापित प्रकाशकाकडे पुस्तक द्यायचे असल्यास संहिता आणि डमी एवढेच पाठवावे, कारण अनेक प्रकाशक चित्रकार स्वतः निवडतात. स्वतः प्रकाशन करणाऱ्यांना राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो. छापील आणि ई-पुस्तक या दोन्ही रूपांसाठी वेगवेगळे क्रमांक घ्यावेत. बदल न करता केलेल्या पुनर्मुद्रणाला मात्र नवा क्रमांक लागत नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत ग्रंथालयांना पुस्तके देण्याबाबतच्या १९५४च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते, म्हणून या चार प्रती पहिल्या गठ्ठ्यातूनच बाजूला काढून ठेवाव्यात.