उसाच्या ट्रकला कोणते टायर घालावेत?

दहाचाकी ट्रकला दहाही टायर एकाच नक्षीचे घेतले की दुकानदार भाव जरा सोडतो. तो सुटलेला भाव पुढे डिझेलमध्ये भरावा लागतो. फडातून गाडी बाहेर ओढतात ते फक्त हौसिंगचे, म्हणजे इंजिनची ताकद मिळणाऱ्या मागच्या अ‍ॅक्सलचे, चार टायर. पुढचे दोन आणि उचलत्या अ‍ॅक्सलचे चार नुसते गडगडत जातात. त्या सहांना सरळ धारांचे रिब टायर घाला. लग नक्षी, म्हणजे आडव्या खोल खाचांची, पुढे घातली तर गाडी घरघरते, ब्रेकला पकड कमी मिळते आणि गट्टू, म्हणजे नक्षीचे रबरी ठोकळे, एका बाजूने झिजून करवतीसारखे होतात.

हौसिंगला काय, हे खेपेच्या हिशेबावर ठरवा. कारखाना ३० किलोमीटरवर आणि त्यात पाणंद दोन किलोमीटरची असेल, तर नव्वद टक्क्यांहून जास्त रस्ता डांबराचा. तिथे पूर्ण लग घेऊ नका. मधे सलग पट्टी आणि कडेला उघड्या खाचा अशी मिक्स नक्षी पुरते. पाव रस्ता कच्चा असेल किंवा तोडीच्या आधी पाणी दिलेले फड वारंवार मिळत असतील, तरच लग. गाडी ४ चा अ‍ॅव्हरेज देत असेल आणि वर्षाला ६०,००० किलोमीटर पळत असेल, तर १५,००० लिटर डिझेल जाते. टायरमुळे त्यात ३ टक्के फरक पडला तरी ४५० लिटर, म्हणजे ९० रुपये भावाने ४०,५०० रुपये.

ओल्या काळ्या मातीत नुसत्या खोलीला भुलू नका. नक्षी कितीही खोल असो, एका फेऱ्यात मातीने बुजली की टायर गोटाच. दुकानात खाचेत बोट घालून बघा: ती तोंडाशी रुंद, तळाशी अरुंद आणि कडेपर्यंत मोकळी हवी, म्हणजे चाक फिरताना माती झडते. तळाला छोटे उंचवटे असतील तर उत्तम. ते खडी अडकू देत नाहीत. अडकलेला खडा फिरता फिरता आतल्या तारेपर्यंत पोचतो, तिथे पाणी मुरते, तार गंजते आणि पुढे नक्षीचा अख्खा पट्टा सुटतो.

नायलॉन टायरची भिंत जाड, म्हणून उसाच्या बुडख्यांना तो दाद देत नाही. पण तो तापतो आणि डिझेलही जास्त खातो. हायवे जास्त असेल तर रेडियलच, म्हणजे आत तारेचे पट्टे असलेला टायर, घ्या. मात्र एका अ‍ॅक्सलवर दोन्ही कधीच मिसळू नका.

बाजूवरचे आकडे वाचून घ्या. १०.००आर२० टायरवर १४६/१४३ के असे असेल, तर टायर एकट्याने ३,००० किलो, जोडीत (शेजारी दोन लावल्यास) प्रत्येकी २,७२५ किलो वजन आणि ताशी ११० किलोमीटर वेग पेलतो. कच्च्या रस्त्याच्या टायरवर बऱ्याचदा एफ किंवा जी असते, म्हणजे ८० किंवा ९०. असा टायर भरगाडीने तासन्‌तास हायवेला पळवला तर तो तापून फुटतो. टायर कधी बनला ते सांगणाऱ्या चार आकडी शिक्क्यात आधी आठवडा, मग वर्ष: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा.

जोडीतल्या दोन टायरच्या नक्षीच्या खोलीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक असला की उंच टायर सगळे वजन घेतो आणि बुटका घासत जातो. हवा गाडी थंड असताना गेजनेच बघा. हातोडी मारून आवाजावरून हवा कळते हा गैरसमज आहे. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावा, नाहीतर तो महिनोन्‌महिने कुणी तपासत नाही. हवा १० पीएसआयने कमी असेल तर डिझेल साधारण अर्धा ते एक टक्का जास्त लागते. फडात गाडी रुतली म्हणून भरगाडीची हवा सोडू नका. भिंत मुडपून आतून चिरते. त्यापेक्षा पाचट आणि मुरूम चाकाखाली टाका.

गळीत संपून गाडी लांब पल्ल्याला जाणार असेल तर हौसिंगचे लग उतरवून रिब चढवा. उतरवलेले टायर उभे, सावलीत आणि वेल्डिंग मशिनपासून लांब ठेवा. तिथल्या ओझोनने रबराला भेगा पडतात.