पाइप कापायच्या आधी ड्रायव्हर बसवून बघा

घरी सिंगल सीटर (एका माणसाची रेसकार) बनवताय ना, मग वाळूज एमआयडीसीत पाइप आणायला पळू नका, आधी पीव्हीसीची कच्ची फ्रेम बांधा अन् ग्रुपमधल्या सगळ्यात उंच पोराला हेल्मेट घालून त्यात बसवा. मागच्या रोल हूपच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान) टोकापासून पुढच्या हूपच्या टोकापर्यंत दोरी ताणा, हेल्मेट दोरीच्या किमान 50 मिमी खाली पाहिजेच, फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजच्या पोरांच्या रेसकार स्पर्धेवाले हेच मोजतात. बसत नसेल तर हूप उंच करा, पोराला मान वाकवायला लावू नका. हूपला सीमलेस (बिनजोड) स्टील पाइप, 25 मिमी व्यास, 2.5 मिमी जाडी. जीआय (जस्ताचा थर दिलेला पाइप) स्वस्त मिळतो पण नकोच, वेल्डिंगला जस्ताचा धूर छातीत जातो अन् जोडही कच्चा राहतो. अन् फ्रेममधे चौकोन दिसला की तिरपा पाइप टाकाच, मोकळा चौकोन धडकेत लगेच दुमडतो.