खानदेशातून अंतराळ स्थानक कसे पाहावे आणि त्याची उंची कशी मोजावी

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसते, त्यासाठी दुर्बीण लागत नाही, ही गोष्ट अजूनही पुष्कळांना खरी वाटत नाही. २ नोव्हेंबर २००० पासून एकही दिवस रिकामे न राहिलेले, सुमारे १०९ मीटर लांबीचे हे घर पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटरवरून ताशी २८,००० किलोमीटर वेगाने जाते आणि दिवसाला सुमारे सोळा प्रदक्षिणा घालते. त्यांतल्या काही आपल्या जिल्ह्यांवरून जातात. २०३० नंतर ते प्रशांत महासागरात उतरवण्याचा बेत असल्याने घरातल्या मुलांना ते आताच दाखवावे, असे मला मनापासून वाटते.

ते केव्हा दिसते हे आधी समजून घ्यावे. स्थानकाला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचे ऊन त्याच्या सौरपट्ट्यांच्या पंखांवर पडते म्हणून ते चमकते. यावल-रावेरकडे खाली शेतात अंधारून आले तरी सातपुड्याच्या माथ्यावर ऊन थोडा वेळ रेंगाळते, तोच हा प्रकार, फक्त माथा ४०० किलोमीटर उंच. म्हणून सूर्य मावळल्यानंतरचे किंवा उगवण्यापूर्वीचे सुमारे दीड-दोन तासच कामाचे असतात. काही दिवस ते संध्याकाळी दिसते, काही दिवस पहाटे आणि मधले काही दिवस मुळीच दिसत नाही, तेव्हा एखाद्या आठवड्यात दिसले नाही म्हणून नाद सोडू नये.

वेळ कळण्यासाठी नासाचे ‘स्पॉट द स्टेशन’ हे ॲप किंवा ‘हेवन्स अबव्ह’ हे संकेतस्थळ वापरावे. त्यात आपले गाव अवश्य भरावे. पहिल्या खेपेला मी मुंबईची वेळ आणि दिशा घेऊन मुलांना गच्चीवर बसवले होते. आम्ही आकाशाच्या निम्म्या उंचीवर नजर लावून बसलो आणि स्थानक डोक्यावरून निघून गेले. जळगाव ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे जळगावात माथ्यावर असलेले स्थानक मुंबईकराला क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास दिसते, एवढा हा फरक आहे. यादीतून ४० अंशांपेक्षा उंच जाणारी फेरी निवडावी, कारण त्याखालच्या फेऱ्यांत स्थानक दूर असते आणि धुळीत फिके पडते.

हंगाम हिवाळ्याचा उत्तम. मे महिन्यात आकाश मोकळे असले तरी धुरळा फार, आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला स्थानकावर राहणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हा नेमके ढगांचे दिवस होते. जागा म्हणून धाब्याचे घर किंवा गच्ची पुरेशी आहे. मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत उत्तरेचे क्षितिज डोंगराने झाकलेले असते, हे लक्षात ठेवावे.

अंश मोजायला आपली मूठ हेच साधन आहे. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटला की मूठ साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून माथ्यापर्यंत मुठीवर मूठ ठेवत जावे. नऊ मुठी भरल्या तर माप बरोबर आहे. दुसरी पारख ध्रुवताऱ्याची करावी: तो क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका वर असतो, म्हणजे जळगावात २१ अंशांवर, दोन मुठी आणि वर थोडे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथातल्या यंत्राध्यायात, म्हणजे वेध घेण्याच्या साधनांवरच्या प्रकरणात, अनेक यंत्रे सांगून बुद्धी हेच खरे यंत्र म्हटले आणि साध्या काठीने उंची मोजण्याची रीत दिली. मूठ लांब करून उभे राहिले की ते वाक्य मला दर वेळी आठवते.

सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी दिवे मालवून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. स्थानक नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. पूर्वेकडून पश्चिमेकडे कधीच जात नाही. लुकलुक नाही, लाल-हिरवा दिवा नाही, आवाज नाही, फक्त पिवळसर पांढरा, शुक्रासारखा तेजस्वी ठिपका चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो. संध्याकाळी पूर्वेकडे उतरताना तो पुष्कळदा क्षितिजापर्यंत पोहोचतच नाही. पाच-सात सेकंदांत तांबूस होतो, मंदावतो आणि भर आकाशात विझतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. मुलांना हा क्षण आधी सांगून ठेवावा.

आत बहुधा सात माणसे असतात आणि त्यांची घड्याळे ग्रिनिचच्या वेळेवर चालतात. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिथे दुपारचे दीड. कोणी प्रयोगाला बसलेले असेल, कोणी हाडे-स्नायू झिजू नयेत म्हणून रोजच्या दोन तासांच्या व्यायामाचा वाटा उरकत असेल. पहाटे साडेपाचला मात्र तिथे मध्यरात्र झालेली असते, आणि ती माणसे भिंतीला बांधलेल्या झोपण्याच्या पिशव्यांत निजलेली असताना आपल्या डोक्यावरून जातात.

दोन-तीन फेऱ्या पाहून झाल्या की उंची मोजावी. एकाने जळगावात आणि एकाने धुळ्यात उभे राहावे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ८३ किलोमीटर आहे. जानेवारीच्या संध्याकाळी कृत्तिका आणि रोहिणी माथ्याजवळ असतात, त्यांच्या आसपासून जाणारी फेरी निवडून दोघांनी ताऱ्यांचा एकच नकाशा हाती घ्यावा. फोन चालू ठेवून एकाने ‘आता’ म्हणताच दोघांनी स्थानकाच्या जागी फुली मारावी. धुळ्याची फुली जळगावच्या फुलीच्या पूर्वेला पडेल. कृत्तिका ते रोहिणी हे अंतर सुमारे १४ अंश असते, त्या मापाने दोन फुल्यांतले अंतर काढावे. ते मुठीहून थोडे जास्त येते. समजा ११ अंश आले, तर त्याची स्पर्शज्या (गणकयंत्रावरचे tan) ०.१९४, आणि ८३ ला ०.१९४ ने भागले की सुमारे ४२८ किलोमीटर मिळतात. माथ्यावर स्थानक सेकंदाला एक अंश सरकते, त्यामुळे ‘आता’ ऐकण्यात एका सेकंदाची चूक झाली तरी उत्तर पस्तीस-चाळीस किलोमीटरने ढळू शकते. ३५० ते ४५० च्या दरम्यान आकडा आला तर मोजणी चांगली जमली असे समजावे. फारच दूर गेला तर नकाशा जपून ठेवून पुढच्या फेरीला, शक्य तर ‘तीन, दोन, एक’ असे मोठ्याने मोजत, पुन्हा फुली मारावी.