वेगळे राहताय, आता घटस्फोट घ्यायचाय, मग वकिलाची फी कुणी भरायची?

माझी मामेबहीण परळला माहेरी, नवरा मालाडला, दोन वर्षं असंच चाललेलं. दागिने कुणाचे, फ्लॅटचा हप्ता कोण भरणार यावर घरात दहा बैठका झाल्या, पण वकिलाने अ‍ॅडव्हान्स मागितला तेव्हा दोन्हीकडचे गप्प. म्हणून हे लिहितेय.

आधी गैरसमज काढा. केस त्याने टाकली म्हणून सगळा खर्च त्याचा, किंवा बायकोचा वकील नेहमी नवऱ्यानेच द्यायचा, असं काही नसतं. साधारणपणे ज्याचा वकील त्याने पैसे द्यायचे. हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यावा असं कोर्ट म्हणू शकतं, पण नवराबायकोच्या केसमधे जिंकलं कोण हेच कळत नाही, त्यामुळे त्या आशेवर बसू नका.

दोघं राजी असाल तर म्युच्युअल कन्सेंट सगळ्यात स्वस्त. हिंदू विवाह कायद्यात कलम 13बी, एक वर्ष वेगळं राहिलेलं असलं की अर्ज करता येतो आणि मग सहा महिने थांबायचं. पण दीड वर्षाहून जास्त वेगळे असाल आणि पोटगी, मुलं, घर सगळं मिटलेलं असेल तर हे सहा महिने माफ करा म्हणून अर्ज टाकता येतो, सुप्रीम कोर्टाने 2017 मधेच तसं सांगितलंय, कोर्टाला पटलं तर तेवढा वेळ वाचतो. बरेच जण एकच वकील करून फी अर्धी अर्धी वाटतात. खरंच सगळं ठरलेलं असेल तर चालतं, पण फ्लॅटवरून जरा जरी कुरबुर असेल तर सही करायच्या आधी आपला वेगळा वकील एकदा तरी कागद वाचू दे, तिथे पैसे वाचवू नका. आणि कन्सेंट टर्म्समधे, म्हणजे दोघांनी ठरवलेल्या अटींच्या कागदात, स्पष्ट लिहून घ्या की कुणाची फी कोण देणार, नोटरी वगैरे कोण, कधीपर्यंत. पोटगीच्या आकड्यात ते मिसळू नका. शेवटी 'आता एकमेकांवर कसलाही क्लेम नाही' असं वाक्य बहुतेक असतंच, त्यावर सही झाल्यावर मागायला तोंड राहत नाही.

भांडून केस चालणार असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 24 लक्षात ठेवा. ज्याच्याकडे पुरेसं स्वतःचं उत्पन्न नाही तो केस चालू असताना महिन्याचा खर्च आणि केसचा खर्च दोन्ही समोरच्याकडून मागू शकतो, आणि हो, नवरासुद्धा मागू शकतो! लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं असेल तर तिथे कलम 36 आहे आणि ते फक्त बायकोसाठी. नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अर्ज निकाली काढावा असं कायदा म्हणतो, 'शक्यतो' हा शब्द नीट वाचा. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही कमाई, मालमत्ता, कर्जाचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं. तेव्हा सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, आयटीआर, भाड्याची पावती, मुलांची फी सगळं जमवा. वकिलाला दिलेल्या पैशाची पावती तर भांडून घ्या, नाहीतर केसचा खर्च किती झाला हे दाखवणार कशावर?

हातात काहीच नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे कमाई न बघता फुकट वकील मिळू शकतो, हेल्पलाइन 15100. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या केसमधे बायकांना कोर्ट फीसुद्धा माफ आहे. बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात समुपदेशक असतात, त्यांचे पैसे लागत नाहीत.

कुणी वकील म्हणाला की आत्ता काही देऊ नका, पोटगीतले इतके टक्के द्या, तर उठा, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. फी पूर्ण केसची की दर तारखेची, तेही आधीच विचारा, कारण शेअर रिक्षाने बीकेसीतल्या त्या कोर्टात पोचलात आणि कळलं की जजसाहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या, तर त्या फुकट गेलेल्या दिवसाचेही पैसे लागणार का, हे पहिल्याच मीटिंगला लिहून घेतलेलं बरं.