एचआयव्ही-हिपॅटायटिस सहसंसर्गाच्या संशोधनात यायचं असेल तर

एमडी मेडिसिन करणारी मुलं विचारतात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस एकाच रुग्णात असण्याच्या या विषयात शिरायचं तर आधी लॅब शिकू की स्टॅटिस्टिक्स? मी त्यांना सांगतो, आधी एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सेंटरच्या ओपीडीत बसा आणि जुने केसपेपर वाचा. आमच्या क्षेत्रातले चांगले प्रश्न औषधांच्या यादीतच सापडतात.

हिपॅटायटिस बीचंच बघा. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं एचआयव्हीवर चालतात आणि बीच्या विषाणूवरही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी मिळू लागली, तेव्हा बहुतेकांना स्टॅव्हुडिन किंवा झिडोव्हुडिन, सोबत लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन दिलं जाई. ज्याला बीचाही संसर्ग होता, त्याच्या यकृतातल्या विषाणूशी त्यातलं एकटं लॅमिव्हुडिन झुंजत होतं. एकट्याने फार काळ निभत नाही. सहसंसर्ग झालेल्यांमध्ये चार वर्षांत सुमारे ९० टक्के जणांचा बी-विषाणू लॅमिव्हुडिनला दाद देईनासा होतो, हे पॅरिसच्या संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं. त्यात नेव्हिरॅपिन स्वतःच यकृताला त्रास देऊ शकतं. मग एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढलं की दोष कोणाचा? नेव्हिरॅपिनचा, प्रतिरोधी बीचा, टीबीच्या गोळ्यांचा, दारूचा, की सीडी-फोर (एचआयव्ही घटवतो त्या रक्षक पेशी) वाढल्यावर जागी झालेली प्रतिकारशक्ती यकृतावर उठली? मला या विषयाने धरून ठेवलं ते याच प्रश्नाने. उलट बाजूही लक्षात ठेवा: मूत्रपिंडासाठी कोणी टेनोफोव्हिर काढलं आणि एचबीएसएजी (बीच्या संसर्गाची रक्तचाचणी) पाहिलंच नाही, तर दबलेला बी उसळतो, कधी जिवावर बेततं.

हिपॅटायटिस सीची गोष्ट वेगळी. २००४ च्या अॅप्रिकॉट चाचणीत इंटरफेरॉन आणि रायबाविरिन ४८ आठवडे देऊनही सहसंसर्ग असलेल्यांपैकी ४० टक्केच बरे झाले. ताप, नैराश्य आणि रक्तपेशी घटणं हे सोसूनही. पुढे सोफोस्बुविर आलं, आणि २०१५ मध्ये डॅक्लाटास्विरसोबत १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाल्याचं दिसलं. आपल्याकडे २८ जुलै २०१८ ला हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ही औषधं मोफत मिळू लागली. औषध सापडलं म्हणून संशोधन संपलं, असं कृपया समजू नका. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना सोफोस्बुविर देता येत नाही, कारण त्याची रक्तातली पातळी घसरते. टीबी, एचआयव्ही आणि सी एकाच माणसात असतील तर आधी काय? सीडी-फोर फार कमी असेल तर सीची अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, मग आरएनए (थेट विषाणू शोधणारी चाचणी) करायला सांगणार कोण? मणिपूरमध्ये सुईने नशा करणाऱ्यांमध्ये बरं झाल्यावर पुन्हा लागण होते, तिचं काय? या प्रश्नांवर काम आपणच केलं पाहिजे.

शिक्षणाची वाट सरळ आहे: एमबीबीएस, एमडी, सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा (नीट-एसएस, एम्ससाठी आयएनआय-एसएस), मग संसर्गजन्य रोगांतलं तीन वर्षांचं डीएम. एम्स दिल्ली आणि सीएमसी वेल्लोर इथे ते आहे. पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. महाराष्ट्रातल्या मुलांनी तिथलं काम जरूर पाहावं. यकृततज्ज्ञांच्या ओपीडीतही काही महिने काढा. फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारं यंत्र) हाताळा आणि वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट्सवरून फिब-फोर (यकृतावर किती व्रण पडले याचा अंदाज देणारा आकडा) काढायला शिका. कमाई खाजगी प्रॅक्टिसपेक्षा कमी असते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

संशोधनातलं सर्वांत अवघड काम म्हणजे रुग्ण टिकवणं. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर गाव सोडतं ते गळीत हंगाम संपेपर्यंत. पाठपुराव्याच्या तारखा त्यांच्या हंगामाकडे पाहून ठरवा, फंडिंगच्या वेळापत्रकाकडे पाहून नव्हे. संमतीपत्र बोलीतल्या मराठीत लिहा आणि समुपदेशक ताईंना वाचून दाखवा. कुठे अडखळायला होतं ते त्या लगेच सांगतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयतेचं बंधन घातलं आहे, म्हणून फोन करताना पलीकडे कोण आहे याची खात्री करून मगच बोला. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (अशा ट्रायल्सची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी हवी.

पहिला प्रश्न छोटा घ्या. आपल्या केंद्रात टेनोफोव्हिर बंद केलेल्या किती जणांचा एचबीएसएजी रिपोर्ट केसपेपरवर आहे, हे मोजण्यासाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज करा.