मुतखडा निघाला, आता घरी जायची तयारी

दुर्बिणीने खडा फोडून झाला, डॉक्टर म्हणाले "उद्या घरी जा", आणि घरच्यांची बॅग भरायची घाई सुरू झाली. थांबा जरा. खड्याची कळ जन्मभर लक्षात राहते, पण माणसं गोत्यात येतात ती नंतरच्या महिना-दोन महिन्यांत, आणि बहुतेकदा दोनच गोष्टींमुळे: आत ठेवलेली नळी आणि लघवीला जायची सोय. म्हणून या यादीत त्या दोन्हींना जास्त जागा दिली आहे. ज्यांचा खडा आपोआप पडला, त्यांनी नळीचा भाग सोडून पुढे वाचलं तरी चालेल.

दवाखान्यातून निघायच्या आधी डिस्चार्ज कार्ड उघडून बघा. त्यावर 'लेफ्ट यूआरएस, डीजेएस' (म्हणजे डाव्या बाजूचं दुर्बिणीचं ऑपरेशन, आत डीजे स्टेंट) अशी चार-सहा अक्षरं असतात आणि आपण मान डोलावून बाहेर पडतो. तसं करू नका. सरळ विचारा: आत स्टेंट, म्हणजे नळी, आहे का, कुठल्या बाजूला, कधी काढायचा, त्याचा दोरा बाहेर ठेवलाय का. खडा पूर्ण निघाला की काही तुकडे किडनीत राहिलेत, हेही विचारा. उत्तरं कार्डावरच पेनाने लिहून घ्या. खड्याचे तुकडे काढले असतील तर मागून घ्या, कोरड्या डबीत ठेवा आणि लॅबमध्ये तपासायला द्या. पुढचं पथ्य या तपासणीवर ठरतं, त्यामुळे पाहुण्यांना दाखवायला कपाटात ठेवून उपयोग नाही. घरी चुरा पडत राहणार असेल तर एक जुनी चहाची गाळणी बाथरूममध्ये ठेवून द्या, आता ती तिथलीच. गाळणीत सापडतो तो कण कच्च्या साबुदाण्याहूनही लहान, तपकिरी आणि काटेरी असू शकतो. एवढ्याशा वस्तूने आपल्याला जमिनीवर लोळवलं यावर विश्वास बसत नाही.

आता नळी. डीजे स्टेंट म्हणजे साधारण 24 ते 26 सेंटीमीटरची मऊ नळी, दोन्ही टोकांना वळलेली. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. सूज आली तरी लघवीची वाट बंद होऊ नये म्हणून ती ठेवतात. ती आत आहे तोवर मूत्राशयाला सतत टोचल्यासारखं होतं. दर तासाला लघवीला लागणं, लागली की धरवत नाही अशी घाई, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, आणि लघवी संपता संपता कमरेत एक कळ, कारण लघवी नळीतून उलटी वर चढते. चाललं, जिना चढला, रिक्षा खड्ड्यांतून गेली की लघवी गुलाबी होते. पाणी पिऊन पडून राहिलं की बहुतेकदा निवळते. हे सगळं अपेक्षित असतं, पण कोणी आधी सांगितलं नाही तर माणूस रात्री दोन वाजता घाबरून उठतो. म्हणून पहिल्या आठवड्यासाठी पलंग बाथरूमच्या जवळ घ्या, पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा ठेवा, नाडीचे पायजमे बाजूला ठेवून इलॅस्टिकचे काढा. घाईत नाडीची गाठ बसली तर काय होतं, ते सांगायला नको.

स्टेंट काढायची तारीख कालनिर्णयवर लिहा आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. लेझरने खडा फोडल्यानंतर तो सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत काढतात. तीन महिन्यांच्या पुढे तर तो राहू देऊच नये. त्रास कमी झाला की लोक विसरतात, गावी निघून जातात, आणि नळीवर क्षार बसत जाऊन तिच्यावरच खडा तयार होतो. मग ती काढायला वेगळं ऑपरेशन. माझ्या मते या अख्ख्या यादीत एकच ओळ पाळायची असेल तर ही पाळा. काढणं तसं सोपं असतं: दोरा असेल तर ओढून, नसेल तर सुन्न करणारी जेली लावून दुर्बिणीने, काही मिनिटांत. दोरा असेल तर आंघोळीत, कपडे बदलताना जपा आणि तो निघेपर्यंत पती-पत्नी संबंध टाळा.

गोळ्यांच्या पिशवीत टॅमसुलोसिन (लघवीची वाट सैल करणारी गोळी) असेल तर ती बहुधा रात्रीची असते. तिने उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, तेव्हा आधी पलंगावर बसा, मग उठा. अँटिबायोटिक दिली असेल तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. डायक्लोफेनॅकसारखी गोळी मेडिकलमधून आपल्या मनाने आणून रोज घेऊ नका. खड्याच्या कळेवर ती उत्तम, पण किडनीचं काम आधीच कमी असेल तर तीच नडते. ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी चालू असताना गाडी चालवायची नाही. पोट साफ होत नसेल तर इसबगोल आणून ठेवा, कुंथण्याने स्टेंटचा त्रास वाढतो.

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा, त्यावर मोठ्या अक्षरात: थंडी वाजून ताप, लघवी अजिबात न होणं, रक्ताच्या गाठी, औषधाला न जुमानणारी कळ, पाणीही न टिकणारी उलटी. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना. अडकलेली लघवी आणि त्यात ताप हे जोडगोळीने आलं तर जंतुसंसर्ग रक्तात जायला वेळ लागत नाही. खाली डॉक्टरांचा नंबर, आणि जवळच्या चोवीस तास चालू असलेल्या दवाखान्याचाही.

पाण्याचं सगळे सांगतात. "भरपूर पाणी प्या", बस. किती, हे कोणी सांगत नाही. मोजायची असते ती लघवी: दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. त्यासाठी कोणाला तीन लिटर पाणी लागेल, तर मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांच्या आसपास असताना रानात काम करणाऱ्याला कितीतरी जास्त. घामात जातं ते पाणी किडनीपर्यंत पोचत नाही. एखाद्या रविवारी घरीच असताना प्लास्टिकचं मापाचं भांडं घेऊन चोवीस तासांचं मोजून बघा. रोजच्यासाठी रंग पुरतो: पाण्यासारखी ते फिकट पिवळी ठीक, गडद झाली की बाटली उचला. एकदम दोन तांबे ढोसून मग पाच तास कोरडे असं नको, दिवसभर थोडं थोडं, आणि झोपताना एक पेला. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा दुसरा आजार आहे त्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच प्यावं.

पण पाणी प्यायलं की जायचं कुठे? खरी तयारी इथे आहे. घरून निघण्यापासून परत येईपर्यंतच्या रस्त्यावर स्वच्छतागृहं कुठे आहेत, याचा नकाशा डोक्यात तयार करा: स्टेशन, पेट्रोल पंप, मॉल, ओळखीचं दुकान, बँकेची शाखा. लोकलच्या दीड तासाच्या प्रवासाआधी फलाटावरच उरकून घ्या. एसटीत बसण्याआधी कंडक्टरला विचारा गाडी कुठल्या स्टँडवर किती वेळ थांबणार, आणि खिशात सुटे पैसे ठेवा. बायकांचा प्रश्न आणखी बिकट. सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या शिक्षिका, भाजीवाल्या, पोलीस शिपाई आपल्या ओळखीत असतातच. मुंबईत 2011 मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली ती याच मागणीसाठी, बायकांना फुकट आणि स्वच्छ मुताऱ्या हव्यात म्हणून. मोहिमा चालू राहतील. तोवर कामाच्या ठिकाणी साहेबांशी एकदा स्पष्ट बोलून घ्या. "डॉक्टरांनी दर दोन तासांनी जायला सांगितलंय" हे वाक्य बोलायला लाजायचं नाही. वर्गावर, काउंटरवर किंवा मशीनवर उभं राहावं लागत असेल तर बदली माणूस कोण, हे रुजू व्हायच्या आधी ठरवा.

रुजू कधी व्हायचं? टेबलावरचं काम असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बरेच जण आठवड्याच्या आत जातात, स्टेंट असला तरी. पाठीतून छिद्र पाडून मोठा खडा काढला असेल, म्हणजे पीसीएनएल, तर वजन उचलणं, पोती हलवणं, दुचाकीवरचा लांबचा प्रवास काही आठवडे बंद. नेमकं किती ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रजेसाठी मेडिकल सर्टिफिकेट आणि रुजू होताना फिटनेस, दोन्ही एकाच फेरीत मागा.

ताटाकडे वळू. घरी पोचेपर्यंत मामी-काकूंनी टोमॅटो, दूध, वांगं सगळं बंद करून टाकलेलं असतं. दूध-दही बंद करू नका. खडा कॅल्शियमचा असला तरी जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (काही भाज्यांतला, कॅल्शियमशी मिळून खडा बनवणारा घटक) पकडून बाहेर नेतं. ते कमी केलं तर उलट खड्याचा धोका वाढतो. कॅल्शियमच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारा. टोमॅटोत ऑक्झलेट फारसं नसतं. खरं जपायचं ते पालक, अळू, राजगिरा, बीट, बदाम-काजू. अळू खाजतो तोच मुळी त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. लग्नात एक वाटी फतफतं खाल्लं म्हणून आभाळ कोसळत नाही, रोज मात्र नको. उपवासाला राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची आमटी आणि वर पाणी कमी, असा बेत टाळा. निर्जळी तर सोडूनच द्या, देव समजून घेईल. मीठ हे सगळ्यात दुर्लक्षित. जास्त मिठाने लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं. दिवसभरात सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, यात लोणचं, पापड, शेव, खारे दाणे धरून. लिंबू मात्र रोज पिळा, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. सरबतात मीठ-साखर नावालाच. खडा युरिक अॅसिडचा निघाला तर मटण, कलेजी, सुकट आटोक्यात आणावी लागते, आणि तो खडा बऱ्याचदा औषधाने विरघळतोही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या आणि जिमची पावडर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

कुळथाचं कढण? प्या की, चविष्ट असतं. त्याच्या भरवशावर 12 एमएमचा खडा घेऊन सहा महिने बसायचं नाही, एवढंच.

बिलांची एक वेगळी फाइल करा. अनेक मेडिक्लेम पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो, म्हणजे औषधं, सोनोग्राफी, स्टेंट काढणं. नेमकी मुदत आपल्या पॉलिसीत बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर स्टेंट काढणं पॅकेजमध्ये धरलंय का, हे घरी निघण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, विचारा.

शेवटचं काम पुढच्या तपासण्यांचं. एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), कॅल्शियम, युरिक अॅसिड तर बघतातच. वारंवार खडे होत असतील तर चोवीस तासांची लघवीही तपासतात. तिच्यासाठी लॅब मोठा कॅन देते: सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली कॅनमध्ये धरायची. नेहमीसारखं खाऊन-पिऊन द्या. त्या दिवसापुरतं पथ्य केलं तर रिपोर्ट खोटा येतो. दुखत नाही म्हणून सोनोग्राफी टाळू नका, कारण किडनी न दुखताही सुजू शकते. जाताना जुने रिपोर्ट घ्या. मूत्राशय भरलेलं लागतं, तेव्हा तासभर आधी तीन-चार पेले पाणी; पण नंबर किती आहे हे फोन करून विचारल्यावरच प्या, नाहीतर पुढे दहा पेशंट आणि तुम्ही खुर्चीवर पाय आवळून.