खुळखुळ्यावर फुलपाखरं कशी बोलवायची

खुळखुळा म्हणजे सुकल्या शेंगा वाजणारं, पिवळ्या फुलांचं रानझाड. त्याचं बी विकत घेऊ नका. दिवाळीनंतर रस्त्याकडेला, किनाऱ्याजवळच्या रेताड माळावर खुळखुळ्याच्या शेंगा वाजत असतात, त्यातल्या चार आणा. बी कडक असतं म्हणून पॉलिश पेपरवर जरा घासायचं, रात्रभर भिजवायचं आणि फुगलेलं तेवढं पहिल्या पावसात गडग्याकडेला (दगडी कुंपणाकडेला) उन्हात पेरायचं. खत नको, मुळांच्या गाठींतले बॅक्टेरिया नायट्रोजनचं बघून घेतात. फक्त गुरं-शेळ्या पोचणार नाहीत अशी जागा हवी, कारण झाड विषारी आहे, जनावराचं लिव्हर जातं.

पिवळी फुलं आली की काळे भुंगे आपोआप येतात. भुंगा बसला की खालची पाकळी दबते आणि टोकातून पराग टूथपेस्टसारखा त्याच्या पोटाला लागतो, जवळ बसून बघाच.

खरी गोची शेंगा धरल्यावर. पानांवर, शेंगांवर काळ्यापांढऱ्या केसाळ आळ्या दिसतात आणि कोणीतरी फवारणीचा पंप घेऊन येतो. हात जोडून सांगतो, फवारू नका! त्या पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके असलेल्या छोट्या पतंगाच्या आळ्या आहेत, झाडाचं विष अंगात साठवतात म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. शेंग पोखरणारी बारकी आळी आणि भोवती मुंग्या दिसल्या तर ती बहुतेक पी ब्लू फुलपाखराची, मुंग्या तिच्या अंगातून येणाऱ्या गोड थेंबासाठी थांबतात, तिलाही हात लावू नका. थोड्या शेंगा जाणार, जाऊ द्या की.

मग झाड सुकायला लागतं आणि घरातली मंडळी म्हणतात, "उपटा ते, किती घाण दिसतंय." तेव्हा अजिबात ऐकायचं नाही, कारण ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरं येतात ती याच सुकलेल्या फांद्यांवर. नर्सरीवाले 'मधासाठी लावा' म्हणून सांगतात, पण ही फुलपाखरं फुलाकडे ढुंकूनही बघत नाहीत. येतात ते जवळजवळ सगळे नर, सुकल्या काडीवर सोंड टेकवून त्यातलं अल्कलॉइड, म्हणजे झाडाचं तेच विष, ओढतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा वास बनवतात. घाई असेल तर दोन फांद्या मोडून, जरा चेचून, कुंपणावर उन्हात उलट्या टांगा आणि हात धुवा.

शिमग्याच्या सुमाराला उपटलंत तरी चालेल, फक्त शेळीपुढे टाकू नका.